मारुती 800 मिसिंग करतेय? प्लग बदलताय तर वायरीपण बघा

आमच्याकडे बाबांची जुनी 800 आहे, कार्ब्युरेटरवाली. गेल्या पावसाळ्यात खंबाटकीच्या चढाला थर्डमधे अशी काय मिसिंग करायला, म्हणजे एखाद्या सिलिंडरमधे ठिणगी चुकून गचके द्यायला लागली की मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून वाजवून दमला आणि बाबा शेजारी बसून एकच वाक्य, "तरी मी सांगत होतो". त्याआधी सहा महिन्यांत गॅरेजवाल्याने दोनदा प्लग (सिलिंडरमधे ठिणगी पाडणारे स्पार्क प्लग) बदलले होते, दोन्ही वेळा चार दिवस बरी चालली आणि परत पहिले पाढे पंचावन्न. दोष प्लगला करंट पोचवणाऱ्या वायरींचा होता, त्यांना कुणी हातच लावला नव्हता. तेव्हापासून हे काम मी घरीच करतो, पहिल्यांदा करताना तासभर धरा, नंतर अर्ध्या तासात होतं.

आधी खात्री करून घ्या. रात्री अंधारात गाडी न्यूट्रलला ठेवून हँडब्रेक ओढा, बॉनेट उघडून इंजिन चालू करा आणि झाडांना मारायच्या स्प्रेने वायरींवर पाण्याचा अगदी हलका फवारा मारा. वायर लीक असेल तर निळसर ठिणग्या दिसतात, टिकटिक आवाज येतो आणि इंजिन अडखळतं. हात मात्र लांब ठेवा, तो करंट हजारो व्होल्टचा असतो, आणि फॅनजवळ ओढणी, मफलर वगैरे नको.

सामान फार लागत नाही. तीन प्लग, वायरींचा सेट (तीन प्लगच्या आणि एक कॉइलची, म्हणजे बॅटरीच्या करंटचे हजारो व्होल्ट करणाऱ्या भागाची, अशा चार), प्लग पाना, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), जुना टूथब्रश. प्लग घेताना दुकानदाराला "800चे द्या" एवढंच सांगून भागत नाही, गाडीच्या पुस्तकातला नंबर बघून घ्या. एनजीकेच्या कोडमधे ई असेल तर आट्यांची लांबी 19 मिमी, एच असेल तर 12.7, आणि चुकून जास्त लांबीचा बसवला तर पिस्टनवर आपटू शकतो. अजून एक गंमत, एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर सोडणारा होतो आणि बॉशमधे बरोबर उलटं, त्यामुळे ब्रँड बदलताना आकडा बघून जोडी लावायला जाऊ नका. इरिडियमच्या नादाला या इंजिनात लागू नये असं माझं मत, साधे कॉपरचे स्वस्त पडतात आणि 15-20 हजार किमी आरामात जातात.

आता महत्त्वाचं, इंजिन पूर्ण गार पाहिजे. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, प्लग त्याच्यातच बसतात, गरम असताना जोर लावला तर त्याचे आटे जातात आणि मग तीन प्लगच्या कामाचं हेडचं काम होतं. मी सकाळी चहाच्या आधीच करतो.

एका वेळी एकच वायर काढायची. मी पहिल्यांदा शहाणपणा करून चारही एकदम उपटल्या, परत लावताना दोन उलटसुलट झाल्या आणि स्टार्टर मारल्यावर असा फटाका वाजला की शेजारचे काका गॅलरीत आले. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, 1-3-2 आहे, पहिला सिलिंडर टायमिंग बेल्टच्या बाजूचा, पण एक काढा एक लावा असं केलं तर हे लक्षात ठेवायचीही गरज नाही. काढताना वायर ओढू नका, रबरी टोपी धरून थोडी पिळायची आणि मग खेचायची. प्लग सोडवण्याआधी खड्ड्यातली माती ब्रशने आणि सायकलच्या पंपाने उडवा, नाहीतर ती सरळ सिलिंडरमधे जाते.

निघालेला प्लग लगेच फेकू नका, नीट बघा. टोक चहापावडरीसारखं तपकिरी असेल तर सगळं आलबेल. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, चोक अडकलाय का बघा. ओलं तेलकट असेल तर पिस्टनची रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेलंय, म्हणजे खर्च. पांढरं फटक, फोड आल्यासारखं असेल तर मिक्श्चर पातळ आहे (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) नाहीतर इंजिन तापतंय. आमच्या तीनपैकी एकावर काजळी होती आणि त्याच्याच वायरीच्या टोपीला आतून केसाएवढी चीर, तिथून करंट बाहेर पळत होता.

नव्या प्लगचा गॅप, म्हणजे टोकाच्या दोन दांड्यांमधली फट, फिलर गेजने बघा, 0.7 ते 0.8 मिमी. कमीजास्त असेल तर फक्त बाजूचा वाकडा दांडा हलवायचा, मधल्याला हात नको. प्लग आधी बोटांनीच फिरवत बसवा, अडला तर काढून परत सरळ लावा, पान्याने जबरदस्ती करू नका. बोटांनी टेकला की पान्याने अर्धा फेरा, बास, नवीन वॉशर तेवढ्यात दबतो. वायर टोपीसकट दाबली की टक् असा आवाज आला पाहिजे.

चौथी वायर कॉइलपासून डिस्ट्रिब्युटरच्या (पाळीपाळीने प्रत्येक प्लगला करंट वाटणारा भाग) मधोमध येते, तीही बदला, लोक नेमकी तीच विसरतात. हात लावलाच आहे तर डिस्ट्रिब्युटरची कॅप काढून आत ओल, चीर किंवा पांढरट बुरशीसारखा थर आहे का बघा, कोकणातल्या गाड्यांना हे हमखास असतं. कोरड्या फडक्याने पुसा, चीर असेल तर कॅपच बदला.

जुन्या वायरी मल्टिमीटरवर लावून बघा. लांबीप्रमाणे काही हजार ओहम दाखवतात, वाचनच आलं नाही तर ती आतून तुटलीय. प्लगच्या तीन वायरींतली सगळ्यात लांब वाचन देत असेल आणि टोपीला चीर नसेल तर एका बऱ्या प्लगसोबत डिकीत टाकून ठेवा, ती तिन्ही प्लगपैकी कुठेही पोचते आणि घाटात अडकलात तर घरापर्यंत आणते.