फौजेतून पक्षात: आधी सदस्य नोंदणीची पावती पुस्तकं मागा

पेन्शन जवळ आलेली आमच्याकडची पोरं सुट्टीवर आली की विचारतात, "मेजर, राजकारणात यायचंय, सुरुवात कुठून करू?" गावात फौजीला मेजरच म्हणतात; मी हवालदार म्हणून निवृत्त झालो. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्यात, स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्या पक्षाचं काम करतो आणि तो पक्ष आतून बदलावा म्हणून भांडतो. त्यातून जे कळलं ते सांगतो.

नोकरीत आहात तोवर लांबच राहा. आर्मी रूल्स, १९५४ मधला नियम २० पक्षाची सभा, मोर्चा, सदस्यत्व आणि वर्गणी या सगळ्याला मनाई करतो. डिस्चार्ज हातात आला की आधी मतदार यादी बघा. सेवेतला मतदार म्हणून तुमचं नाव वेगळ्या भागात असतं. गावच्या यादीत यायला फॉर्म ६ भरावा लागतो. गावात नाव नसेल तर उमेदवारीची गोष्टच नको.

पक्षात गेल्या गेल्या तुम्हाला व्यासपीठावर बसवतील, फेटा बांधतील, बॅनरवर गणवेशातला फोटो मागतील. फोटो देऊ नका. प्रचारात जवानांचे फोटो वापरू नयेत असं निवडणूक आयोगानं २०१९ मध्ये पक्षांना पुन्हा बजावलं होतं. आणि खरं सांगायचं तर फोटो दिला की तुमचं काम तेवढंच उरतं.

खरी सत्ता कुठे असते ते मला पावती पुस्तकांत दिसलं. तालुका कमिटीची निवड सदस्यांमधून होते, म्हणून मी सदस्य नोंदणीची पुस्तकं बघायला मागितली. बरीच टाळाटाळ झाली, पण मिळाली. पानामागून पान एकाच शाईत, एकाच अक्षरात. कितीतरी नावांपुढे एकच मोबाईल नंबर. बायकांची नावं नुसती 'सौ.' लावून, पुढे नवऱ्याचा नंबर. पुढाऱ्यानं स्वतःच्या खिशातून वर्गणी भरून अख्खी पुस्तकं संपवलेली, म्हणजे कमिटीही त्याचीच. ठराव वहीत 'सर्वानुमते मंजूर', आणि सह्या नंतर घरोघर फिरवून घेतलेल्या.

आम्ही काही जण ती यादी घेऊन वाड्या-वस्त्यांवर फिरलो. बौद्धवस्तीत आणि मातंगवस्तीत यादीतल्या अनेकांना आपण सदस्य आहोत हेच ठाऊक नव्हतं. भाषणात फुले-शाहू-आंबेडकर आणि कमिटीत त्या वस्त्यांतलं एकही माणूस नाही, हे मला सहन होत नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांत कायद्यानं महिलांना ५० टक्के जागा आहेत. पक्षाच्या कमिटीला मात्र असं काही बंधन नाही. तिथे मागावंच लागतं.

मागताना आवाज चढवून उपयोग नाही. पलटणीत हुकूम दिला की काम होतं; इथे समोरचा उद्या येतो म्हणतो आणि येत नाही. मग कागद धरा. नोंदणीकृत पक्षाला आपली घटना, म्हणजे पक्षाची नियमावली, निवडणूक आयोगाकडे द्यावी लागते. ती मिळवा, वाचा, पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीचं कलम खुणा करून ठेवा. कायद्याचा आधार इथे तोकडा आहे: घटना पाळली नाही एवढ्यावरून आयोग पक्षाची नोंदणी रद्द करू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच सांगितलंय. म्हणून दबाव सदस्यांनीच आणायचा.

हे काम आपल्याकडे नवं नाही. महार समाजातले गोपाळबाबा वलंगकर सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीला राहिले, जातिभेदाविरुद्ध लिहीत राहिले आणि १८९५ मध्ये महाड तालुक्याच्या लोकल बोर्डावर गेले. त्यांच्या शेजारी बसायला सवर्ण सभासदांची तयारी नव्हती. ते मात्र बसले. पेन्शनर फौजी राजकारणात काय करणार, असं कुणी म्हटलं की मी त्यांचं नाव घेतो.

आता तिकिटाचं. ग्रामपंचायत पक्षचिन्हावर होत नाही, त्यामुळे तिथे माणूस म्हणून ओळख तयार होते. शिकायला तीच जागा चांगली. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला एबी फॉर्म, म्हणजे पक्षाचा अधिकृत उमेदवार असल्याचा कागद, लागतो आणि तो शेवटच्या रात्री कुणाच्या तरी बंगल्यावर वाटला जातो. वर्षानुवर्षं सतरंज्या उचललेला कार्यकर्ता बाहेर गाडीत बसून राहतो. आमची मागणी साधी आहे: गणातल्या, म्हणजे पंचायत समितीच्या मतदारसंघातल्या, खऱ्या सदस्यांची उघड बैठक घ्या, हात वर करून नाव ठरवा आणि अर्ज भरायच्या आधी ते जाहीर करा. जिल्हाध्यक्षांनी अजून होकार दिलेला नाही. अर्ज लेखी दिलाय, त्यावर शिक्क्यासह पोहोच घेतलीय, आणि पुढच्या बैठकीला वस्त्यांवरच्या बायका स्वतःच्या नावाच्या पावत्या घेऊन येणार आहेत.