सोसायटीखालचा ‘क्लब’ हा क्लब आहे की जुगाराचा अड्डा? ओळखायचं कसं, तक्रार लावायची कुठे

डोंबिवली घ्या, कळवा घ्या, नालासोपारा घ्या, पनवेल घ्या, स्टेशनपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर असा एक गाळा असतोच. शटर अर्धं खाली, काचेला काळी फिल्म, वर बोर्ड ‘अमुक क्रीडा व सांस्कृतिक मंडळ’, आणि क्रीडा म्हणाल तर आत कॅरमची सोंगटीसुद्धा सापडणार नाही. दुपारपासून बाईका लागतात, रात्री दीडपर्यंत बाहेर सिगरेटी आणि शिव्या. मग सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस आरडाओरडा होतो, कोणीतरी लिहितं “सगळं सेटिंग असतं हो”, आणि विषय संपतो. सेटिंग असेलही, पण बहुतेक वेळा तक्रार मुळातच अशी लिहिलेली असते की ती फाईलला लावून विसरून जाणं पोलिसांना सोपं जातं. ती नीट कशी करायची ते सांगतो. सगळं महाराष्ट्रापुरतं आहे, गोव्याचा कायदा वेगळा.

आधी कायद्याला चालतं काय ते बघू, कारण अर्धे लोक इथेच गडबडतात. आपल्याकडे मुख्य कायदा आहे १८८७ चा जुगार प्रतिबंध कायदा, हो, इंग्रजांच्या काळातला, आणि अजून तोच चालतो. इतका जुना की त्यात पाऊस किती पडेल यावर लावलेल्या पैजेचासुद्धा वेगळा उल्लेख आहे, कारण तेव्हा लोक पावसावर सट्टा खेळायचे. या कायद्यातून सुटका कोणाची? रेसकोर्सच्या आवारात, रेसच्या दिवशी, परवान्याखाली लावलेल्या बेटिंगची (महालक्ष्मी आणि पुणे), लॉटरीची, कारण तिला वेगळा कायदा आहे, आणि कलम १३ प्रमाणे निव्वळ कौशल्याच्या खेळाची. बाकी कॅसिनो म्हणाल तर महाराष्ट्रात कायदेशीर कॅसिनो एकही नाही. १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला होता पण तो कधी लागूच केला नाही, २०२३ मध्ये रद्दच करून टाकला. त्यामुळे कोणी “आमच्याकडे कॅसिनोचं लायसन आहे” म्हणत असेल तर सरळ थाप आहे. पणजीला मांडवी नदीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटी गोव्याच्या कायद्यावर चालतात, त्यांचा आपल्या गाळ्याशी संबंध नाही.

आता पत्त्यांचा क्लब. यांचं ठरलेलं उत्तर असतं, “रमी आहे साहेब, सुप्रीम कोर्टाने परवानगी दिलीय.” अर्धं खरं आहे. १९६७ साली सिकंदराबादच्या एका क्लबच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की रमीत मुख्यतः कौशल्य लागतं, पत्ते लक्षात ठेवावे लागतात, कोणता टाकायचा कोणता धरायचा हे ठरवावं लागतं. पण त्याच निकालात पुढे दोन गोष्टी आहेत ज्या हे लोक सांगत नाहीत. एक, तीन पत्तीसारखा खेळ निव्वळ नशिबाचा धरलाय. दोन, रमी असली तरी जागेचा मालक किंवा क्लब त्या डावातून नफा काढत असेल तर गुन्हा होऊ शकतो. जागेचे, कॅटचे, चहाचे ठराविक पैसे घेणं वेगळं आणि प्रत्येक डावातून नाल, म्हणजे चालवणाऱ्याचा कट, काढणं वेगळं. अख्ख्या विषयाची किल्ली ही नाल आहे. चार मित्र दिवाळीत कोणाच्या हॉलमध्ये तीन पत्ती खेळले आणि घरमालकाला त्यातून काही सुटत नसेल तर ते घर कायद्याच्या भाषेत जुगारघर होत नाही. जिथे कोणीतरी न खेळता पैसे कमावतोय तो अड्डा. त्यामुळे तक्रारीत “पत्ते खेळतात” लिहून काही उपयोग नाही, “पत्त्यांवर पैसे लावतात आणि चालवणारा प्रत्येक डावातून कट घेतो” असं लिहा, अर्थात तुम्हाला तसं कळलं असेल तरच.

बाहेरून दिसणाऱ्या खुणा असतात. टेबलावर पैसे नसतात, रंगीत प्लास्टिकच्या चकत्या असतात आणि हिशोब काउंटरवर होतो. एक जण दाराशी मोबाईल घेऊन नुसता बसलेला असतो, त्याला दुसरं काम नसतं. कॅमेरे आत कमी आणि रस्त्याकडे तोंड करून जास्त. मेंबर म्हणे, पण मेंबरशिपचं रजिस्टर कोणी बघितलेलं नसतं, आणि कोणीही नवा माणूस ओळखीच्या एका नावावर आत जातो.

भिंतीवर फ्रेम करून लावलेली कागदपत्रं बघून घाबरू नका. गुमास्ता असतो, तो फक्त दुकान म्हणून दिलेली माहिती आहे, आत काय चालवायचं त्याची परवानगी नाही. दुसरं असतं संस्था नोंदणीचं सर्टिफिकेट. मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं असेल तर तिथे अर्ज करून परिशिष्ट-१ चा उतारा मिळतो, त्यात विश्वस्त कोण, पत्ता कुठला, सगळं येतं. गंमत अशी की पुष्कळदा नोंदणीचा पत्ता भलतीकडचाच निघतो, किंवा विश्वस्तांत दिवंगत माणसं निघतात, आणि मग तुमच्या तक्रारीला एकदम वजन येतं. तिसरं, आणि खरं महत्त्वाचं, सार्वजनिक करमणुकीच्या जागेचा परवाना. तो महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३३ खालच्या नियमांनी मिळतो, आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त देतात, बाहेर जिल्हाधिकारी. हा बहुतेकांकडे नसतो, किंवा असतो तो वेगळ्याच खेळाचा.

व्हिडिओ गेम पार्लरचंही तेच. परवाना लहान मुलांच्या गेमचा, आत मशीन फळं जुळवायचं. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका केसमध्ये सांगितलंय की असल्या मशिनींमध्ये निकाल फिरवता येतो, त्यामुळे सरकारने परवान्याची अट घालणं योग्य आहे. इथे बघायचं एकच, जिंकलेल्या पॉइंटचे रोख पैसे मिळतात का. मिळत असतील तर तो गेम राहिला नाही.

लॉटरी सेंटरवर थोडा वेळ घालवतो, कारण सध्या उपनगरात सगळ्यात जास्त पैसा इथेच जातोय असं माझं मत आहे. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून आहे, तिचं छापील तिकीट विकणारा टपरीवाला कायदेशीर आहे, त्याच्या मागे लागू नका. १९९८ च्या केंद्राच्या लॉटरी कायद्यात मात्र स्पष्ट आहे की एका आकड्यावर किंवा आधी जाहीर केलेल्या नंबरवर बक्षीस ठेवता येत नाही. आता त्या ‘ऑनलाइन लॉटरी’ बोर्डाच्या दुकानात काय असतं ते बाहेरूनच बघा: एक कॉम्प्युटर, स्क्रीनवर फिरणारी चक्री, शून्य ते नऊ आकडे, माणूस दहा रुपये एका आकड्यावर लावतो, लागला तर नव्वद, थोड्या वेळात पुढचा डाव. तिकीट नाही, असलीच तर कोऱ्या कागदाची चिठ्ठी, त्यावर कुठल्या राज्याची लॉटरी, ड्रॉ कुठला, काही नाही. ही लॉटरीच नाही, हा मटक्याचा नातू आहे. यात जुगाराच्या कलमांबरोबर फसवणुकीचं कलमही लागू शकतं, कारण सॉफ्टवेअर चालवणाऱ्याच्या हातात असतं. रिक्षावाले, नाक्यावरचे कामगार, कॉलेजची पोरं, दिवसाची कमाई तिथे ठेवून बाहेर येतात.

खुद्द मटका अजून आहेच. साठच्या दशकात न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावरचा सट्टा बंद झाल्यावर वरळीत कल्याणजी भगत आणि मग रतन खत्री यांनी आकडे काढायला सुरुवात केली, तेव्हापासूनचा ओपन-क्लोज आता व्हॉट्सअपवर चालतो. चार्ट आणि निकाल छापून किंवा पाठवून जुगाराला मदत करणाऱ्याला कलम १२-अ खाली वॉरंटशिवाय पकडता येतं, त्यामुळे सोसायटीच्या ग्रुपवर गंमत म्हणूनसुद्धा आकडे फॉरवर्ड करू नका. मोबाईलवरच्या पैशांच्या गेमचं थोडक्यात: ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा केलाय, त्यात कौशल्य की नशीब हा फरकच ठेवलेला नाही. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा नाही.

तक्रारीआधी हद्द बघा. डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर, बदलापूर ठाणे शहर आयुक्तालयात, मिरा-भाईंदर ते विरार वेगळं आयुक्तालय, पनवेल नवी मुंबईत, आणि टिटवाळ्याकडे गेलात की ठाणे ग्रामीण, म्हणजे आयुक्त नाही तर एसपी. हे कशासाठी सांगतोय तर धाडीचे अधिकार कलम ६ मध्ये आहेत, आयुक्तालयात आयुक्तांच्या आदेशाने अधिकार दिलेला पीएसआय किंवा वरचा अधिकारी आत शिरू शकतो, ग्रामीणला खास वॉरंट लागतं. धाड कलम ६ प्रमाणे नीट झाली तर आत सापडलेले पत्ते, चकत्या, मशीन हाच जुगारघराचा पुरावा मानला जातो. धाड कच्ची झाली की कोर्टात सुटतात, आणि मग आपण म्हणतो सेटिंग.

तक्रार एका पानाची करा. भावना नको, “तरुण पिढी बरबाद होतेय” नको. असं काहीतरी:

“गाळा क्र. …, इमारत …, येथे ‘…मंडळ’ या नावाने दररोज दुपारी २ ते रात्री १ पत्त्यांवर पैसे लावून जुगार चालतो. शुक्रवारी व शनिवारी गर्दी सर्वात जास्त असते. मागील बाजूस जिन्याखाली दुसरा दरवाजा आहे. चालवणारी व्यक्ती प्रत्येक डावातून रक्कम घेते अशी आमची माहिती आहे. जुगार प्रतिबंध कायद्याच्या कलम ४, ५ व ६ प्रमाणे कारवाई व्हावी आणि करमणूक परवान्याची तपासणी व्हावी.”

वेळ आणि मागचा दरवाजा या दोन ओळींना सगळ्यात जास्त किंमत आहे, धाड टाकणाऱ्याला तेच हवं असतं. पोलीस स्टेशनला दोन प्रती घेऊन जा, एकीवर शिक्का आणि आवक नंबर घ्या. आमच्याकडच्या एका ठाण्यात शिक्काच सापडत नव्हता म्हणे, तीच तक्रार मग पोस्टाने रजिस्टर एडी केली, पोचपावती घरी आली, विषय मिटला. त्याच दिवशी एक प्रत डीसीपी ऑफिसला आणि एक ‘आपले सरकार’च्या तक्रार पोर्टलवर टाका, म्हणजे खालच्याला माहिती असतं की वरच्याला माहिती आहे. भांडण, मारामारी चालू असेल तर ११२, पण ११२ वर आलेली गाडी बाहेरून चक्कर मारून जाते, त्याला तक्रार समजू नका. नाव द्यायची भीती वाटत असेल तर सोसायटीच्या लेटरहेडवर ठराव करून द्या, एकट्या माणसाचं नाव पुढे येत नाही.

आणि एक, व्हिडिओ काढायला आत जाऊ नका. खेळ चालू असताना आत सापडलेला माणूस खेळायलाच आला होता असं कायदा गृहीत धरतो, उलट सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर, आणि कलम ५ खाली ६ महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. स्वतःच्या गॅलरीतून पार्किंग दिसत असेल तर तेवढं पुरे.

काही हललं नाही तर माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि दीडशे शब्दांच्या आत, आपल्या राज्याचा नियम तसा आहे. “कारवाई का केली नाही” विचारू नका, त्याला उत्तर देत नाहीत. विचारा: या पत्त्यावर करमणुकीचा परवाना दिलाय का, दिला असेल तर प्रत द्या, माझ्या आवक क्रमांकाच्या तक्रारीवरचे शेरे आणि अहवाल यांच्या प्रती द्या. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. परवाना नाही असं लेखी हातात आलं की तोच कागद पुढच्या तक्रारीला जोडा. त्याचबरोबर महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसला वापरातला बदल म्हणून तक्रार करा, मंजूर नकाशात तो गाळा दुकान किंवा गोडाऊन असतो, आणि पोटमाळा तर हमखास बेकायदा निघतो. जुगारापेक्षा पोटमाळ्यावरून क्लब लवकर बंद झालेले आहेत, हसू नका.

धाड पडली तरी पंधरवड्यात पुन्हा सुरू, हे सगळीकडचं रडगाणं आहे, कारण किमान दंडाचे आकडे अजून शेकड्यांतलेच आहेत, एका रात्रीच्या नालेच्या पैशांत भरून निघतात. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ मध्ये टोळीने चालवलेला बेकायदा जुगार आलाय आणि तिथे १ ते ७ वर्षं शिक्षा आहे, तेव्हा दुसऱ्या तक्रारीत आधीच्या गुन्ह्याचा नंबर टाकून हे कलम लावायची मागणी करा.

पण खरा दाब असतो गाळ्याच्या मालकावर, आणि त्याच्याकडे कोणी वळतच नाही. तो बहुतेक वेळा पुण्यात किंवा दुबईत असतो, भाडं बाजारापेक्षा दुप्पट येत असतं, “मला काय माहीत भाडेकरू काय करतो” म्हणतो. कलम ४ मध्ये चालवणाऱ्याबरोबर, माहीत असून जागा वापरू देणारा मालकही आरोपी होतो, दोन वर्षांपर्यंत कैद. सगळं अडतं ‘माहीत असून’ या शब्दांवर. म्हणून सोसायटीच्या नावाने त्याला स्पीड पोस्टाने एक साधी नोटीस पाठवा, तुमच्या गाळ्यात हे चालतं, अमुक तारखेला धाड पडली, आणि त्या नोटिशीची प्रत पोचपावतीसकट पोलीस स्टेशनला द्या. भाडेकराराची नोंदणी आणि पोलिसांकडे दिलेली भाडेकरूची माहिती पण मागा. त्यानंतर मालकाचा फोन येतो, आधी चिडून, मग “बघतो मी” म्हणून. आला की बोलणं वाढवू नका, जे काय असेल ते लेखी द्या म्हणून सांगा आणि ठेवून द्या.