जंक्शन वाचायचं असेल तर फाटा कुठल्या टोकाला फुटतो ते आधी बघा

जंक्शनवर गाडी बदलायची आहे आणि मध्ये दीड तास मोकळा आहे, तर बाकड्यावर बसून राहू नका. सामान कुणाच्या तरी नजरेखाली ठेवा आणि पादचारी पुलावर चढा. पुढचं तिकीट नसेल तर दहा रुपयांचं फलाट तिकीट काढा, ते दोन तास चालतं. मी शाळेत भूगोल शिकवायचो. रेल्वेत एक दिवसही नोकरी केलेली नाही, त्यामुळे हे सगळं पुलावरून बघून आणि हमालांना विचारून जमवलेलं आहे.

पुलावर उभं राहून आधी दिशा लावून घ्या. मग एकच प्रश्न: स्टेशनच्या कुठल्या टोकाकडून किती मार्ग निघतात? रूळ मोजत बसू नका, यार्डात ते भरमसाट असतात. मार्ग मोजा. साध्या जंक्शनला एका टोकाला एक मार्ग आणि दुसऱ्या टोकाला दोन. ते दोन ज्या टोकाला फुटतात, त्यावरून ही लाइन मुळात कुणाच्या सोयीची ते कळतं.

कल्याण घ्या. मुंबईहून रेल्वे इथे १८५४ साली पोहोचली. पुढे एक फाटा बोरघाटातून पुण्याकडे गेला, दुसरा थळघाटातून नाशिककडे. बोरघाट १८६३ मध्ये खुला झाला, थळघाट १८६५ मध्ये. दोन्ही फाटे मुंबईच्या विरुद्ध टोकाला फुटतात, म्हणजे दोन्हीकडचा माल सरळ बंदराकडे. यात कोडं काही नाही.

कोडं आहे दौंडला. पुणे-सोलापूर लाइन आधीची. नगरवरून मनमाडला जाणारा फाटा आला १८७८ मध्ये, आणि तो फुटतो पुण्याच्या बाजूच्या टोकाला. पुण्याकडून आत आलेली गाडी नगरला जायची तर तोंड फिरवल्याशिवाय जाऊच शकत नाही. सोलापूरकडून आलेली मात्र सरळ निघून जाते. कर्नाटक एक्सप्रेस तशीच जाते. बांधणाऱ्यांना अक्कल नव्हती असं वाटेल, पण नकाशा उघडा. मुंबईहून मनमाडला जायला थळघाटाची वाट होतीच. नसलेली वाट होती ती दक्षिणेकडून थेट उत्तरेला जाणारी, कल्याणपर्यंत घाट उतरून पुन्हा दुसरा घाट न चढता. फाटा त्या वाहतुकीसाठी वळवला, असा माझा तर्क आहे. पुणे-नगर प्रवास करणारा माणूस तेव्हा कुणाच्या हिशेबातच नसावा.

त्या माणसासाठी अलीकडे कॉर्ड लाइन झाली. पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या आता मुख्य स्टेशनात शिरत नाहीत, बाहेरच्या बाहेर जातात आणि 'दौंड कॉर्ड लाइन' या वेगळ्या स्टेशनवर थांबतात. तिकिटावरचं नाव नीट वाचा, नाहीतर तुम्ही एका स्टेशनवर आणि गाडी दुसऱ्या.

तोंड फिरवणारी गाडी मिळाली तर इंजिनाजवळ जाऊन बघा. इंजिन सुटतं, शेजारच्या मोकळ्या रुळावरून मागच्या टोकाला येतं. शेवटचे काही फूट ते मुंगीच्या पावलांनी सरकतं, पॉइंट्समनच्या, म्हणजे रूळ बदलणाऱ्या आणि गाडी जोडणाऱ्या कामगाराच्या, हातातल्या झेंडीकडे बघत. कपलिंग बसलं की ब्रेकचे रबरी पाइप जोडतात, आणि हवा भरल्याचा फुस्स आवाज येतो. ब्रेक तपासल्याशिवाय गाडी सुटत नाही. लोक या वेळेला 'उगाच थांबलीय' म्हणतात.

सिग्नल अंधार पडल्यावर बघा. काही सिग्नलांच्या डोक्यावर पाच पांढऱ्या दिव्यांची तिरकी ओळ असते. ती डावीकडे झुकलेली पेटली तर गाडी डावीकडे वळणार, उजवीकडे झुकलेली पेटली तर उजवीकडे. सरळ जायचं असेल तेव्हा ओळ विझलेली. फाटा दाखवणारं याहून सोपं साधन नाही.

फलाटाच्या टोकाला जाऊन, खाली न उतरता, दोन रूळ जिथे एकमेकांजवळ येतात तिथे मध्ये बघा. एक बुटकी खूण असते, फाउलिंग मार्क. उभ्या गाडीचा डबा त्या खुणेपुढे राहिला तर शेजारच्या रुळावरची गाडी त्याला घासणार. रुळात उतरणं गुन्हा आहे, फोटोसाठी तर मुळीच उतरू नका.

राहिला गेजचा इतिहास. त्यासाठी मिरजेसारखं जंक्शन हवं. पुण्याहून आलेली लाइन मीटर गेज, रुळांमधलं अंतर १००० मिलिमीटर. १९२७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची ७६२ मिलिमीटरची नॅरो गेज कुरडुवाडी-पंढरपूरकडून इथे पोहोचली. १९७१ मध्ये पुणे-मिरज १६७६ मिलिमीटरची ब्रॉड गेज झाली, मिरजेहून दक्षिणेकडची लाइन मीटर गेजच राहिली, आणि तिन्ही गेज एका ठिकाणी आली. एका गेजचा डबा दुसऱ्यावर चालत नाही. पोतं एका वॅगनमधून उतरवून दुसरीत चढवायचं, आणि तेही हमालाच्या पाठीवरून. आता सगळं ब्रॉड गेज आहे. गेज बदललेल्या कुठल्याही जंक्शनवर खुणा शोधायच्या तर मधल्या फलाटांकडे दुर्लक्ष करा आणि कडेला बघा: रूळ नसलेली लांबच लांब रिकामी पट्टी, बुटका फलाट, कुठल्याच चालू लाइनकडे तोंड नसलेलं गुदाम. जुन्या छपराच्या लोखंडी खांबावर ओतीव अक्षरं असतील तर तीही वाचा. कारखान्याचं नाव किंवा साल बऱ्याचदा तिथेच मिळतं, रंगाच्या थराखाली.