जुन्या गाडीचा मागचा शॉकअप गळतोय? आधी रॉडवर नख फिरवा

आमच्याकडच्या पांदण रस्त्यावर काळी माती शॉकअपच्या रॉडवर सुकून बसते आणि सीलची, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कडीची, ओठी (रॉडला टेकणारी पातळ कड) खाते. म्हणून जुन्या राजदूत-येझदीचा शॉकअप तेल टाकू लागला की सगळे नवीन सील आणायला धावतात. मी पण धावलो होतो. पंधरा दिवसांत पुन्हा तेच! दोष सीलचा नव्हताच, रॉडवर गंजाचे बारीक खड्डे होते.

रॉड रॉकेलने पुसा आणि नख उभं-आडवं फिरवा. नख अडकलं तर नवं सीलही टिकणार नाही, आधी रॉडला हार्ड क्रोम (क्रोमचा कडक मुलामा) करून घ्या. गुळगुळीत असेल तरच पुढे जा.

शॉकअपची स्प्रिंग मात्र स्प्रिंग कॉम्प्रेसर, म्हणजे ती दाबून धरणारं अवजार, लावूनच काढायची. दोरीने बांधून, गुडघ्याने दाबून काढणारे पठ्ठे आहेत, पण ती सुटली तर दात जातील. गॅसचा शॉकअप असेल तर घरी उघडूच नका.

जुन्या सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी छापलेली असते, तोच आकडा दुकानात सांगा. बसवताना रॉडच्या आट्यांवर पातळ पन्नी गुंडाळून तेल लावा, नाहीतर आटे नवी ओठी चिरतात. सीलमधली बारीक गोल स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे ठेवा.

निघालेलं तेल मोजून काही उपयोग नाही, अर्धं तर गळूनच गेलेलं असतं. मॅन्युअलमधल्या मापानेच भरा, आणि दोन्ही शॉकअपमध्ये सारखं. इंजिन ऑइल नको. मग शॉकअप उभा धरून हळूहळू ८-१० वेळा दाबा, मधला पोकळ झटका गेला की हवा निघाली.