छोटे आर्केड यंत्र बांधताना या चुका टाळा

आर्केड यंत्र म्हणजे पडदा, बटणे आणि जॉयस्टिक असलेली जुन्या व्हिडिओ खेळांची पेटी. ती घरी बांधण्याच्या किटचा खोका उघडला की सर्वांत आधी हाताला लागतात त्या कापून आलेल्या एमडीएफच्या (दाबून केलेल्या लाकडी भुशाच्या) किंवा अ‍ॅक्रिलिकच्या फळ्या. खोक्यावरच्या चित्रातही पेटीच झळकत असते, त्यामुळे नवखा माणूस पेटी जोडायलाच बसतो. माझ्या मते बाकीच्या बहुतेक चुकांचे मूळ इथे आहे. पेटी उभी राहिल्यावर आत जेमतेम एक हात जातो, वायरींचे रंग दिसत नाहीत आणि एखादी जोडणी चुकली असेल तर ती शोधण्यासाठी सगळे पुन्हा खोलावे लागते. म्हणून आधी रास्पबेरी पाय (यंत्र चालवणारा छोटा संगणक-बोर्ड, पुढे नुसता ‘पाय’) आणि पडदा, मग एकच बटण, मग उरलेली बटणे, जॉयस्टिक आणि शेवटी आवाज, अशा क्रमाने सगळे यंत्र टेबलावर उघडेच चालते करावे आणि प्रत्येक भाग जोडल्यावर थांबून तो तपासावा. पुढचे विवेचन रास्पबेरी पाय ४ आणि रेट्रोपाय ही जुने खेळ चालवणारी प्रणाली गृहीत धरून केले आहे, कारण हौशी लोकांच्या हातात बहुधा हीच जोडी असते.

मी पहिले यंत्र भाच्यासाठी बांधले तेव्हा हा क्रम पाळला नव्हता. पेटीचे सगळे स्क्रू आवळून झाले, खेळ सुरू झाला आणि पडद्यावरचा माणूस कोणी हात न लावता उजवीकडे चालू लागला. जॉयस्टिक उजवीकडे दाबली की मात्र तो थांबायचा. मी दोन संध्याकाळी रेट्रोपायच्या सेटिंगमध्ये दोष शोधत घालवल्या, पण दोष होता तो मायक्रोस्विचच्या, म्हणजे जॉयस्टिकच्या प्रत्येक दिशेला असलेल्या छोट्या स्विचच्या, एका पत्तीवर. अशा स्विचला तीन पत्त्या असतात : कॉमन, एनओ आणि एनसी. एनओ म्हणजे एरवी उघडी आणि दाबल्यावर जुळणारी, तर एनसी म्हणजे एरवी जुळलेली आणि दाबल्यावर सुटणारी. उजव्या बाजूच्या स्विचवर मी वायर एनसीवर बसवली होती, त्यामुळे ती दिशा कायम दाबलेली आहे असे यंत्राला वाटत होते. ही अक्षरे स्विचच्या अंगावर उठावदार पण फार बारीक असतात, म्हणून विजेरीच्या उजेडात ती वाचूनच वायर कॉमन आणि एनओ या दोन पत्त्यांना लावावी. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोडणी जुळली की आवाज देणाऱ्या खुणेवर) ठेवून त्याची टोके या दोन पत्त्यांना टेकवावीत : स्विच दाबल्यावर आवाज आला आणि सोडल्यावर थांबला, तर जोडणी बरोबर आहे.

जॉयस्टिकबाबत आणखी एक गोष्ट हमखास फसवते. दांडा मधल्या टेकूवर फिरतो, त्यामुळे आपण तो वर ढकलला की त्याचे खालचे टोक खाली जाते आणि खालच्या बाजूचा स्विच दाबला जातो. म्हणजेच ‘वर’ची वायर खालच्या स्विचला आणि ‘डावी’ची वायर उजव्या स्विचला लागते. दिशा उलट्या आल्या म्हणून जॉयस्टिक खराब आहे असे समजून ती परत पाठवू नये. वायरींची अदलाबदल करावी किंवा रेट्रोपायमध्ये दिशा नव्याने नोंदवून घ्याव्यात. दिशा बरोबर असूनही पॅक-मॅनसारख्या १९८० च्या खेळात वळणे चुकत असतील, तर कारण वेगळे असते. तो खेळ चारच दिशांच्या जॉयस्टिकसाठी बनला होता, तर किटमधली जॉयस्टिक बहुधा आठ दिशांची असते आणि दांडा कोपऱ्यात गेला की दोन दिशा एकदम दाबल्या जातात. काही जॉयस्टिकच्या बुडाशी असलेली मर्यादापट्टी फिरवून किंवा बदलून चार दिशांपुरती करता येते. आपली जॉयस्टिक तशी आहे का, हे बसवण्यापूर्वीच पाहून घ्यावे, कारण नंतर त्या पट्टीपर्यंत हात पोचत नाही.

वीजपुरवठ्यात कसर नको

सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक म्हणजे घरात पडून असलेला मोबाइलचा चार्जर वापरणे. पाय ४ ला ५ व्होल्टवर ३ अँपिअरचा पुरवठा लागतो. चार्जरवर १८ किंवा ३३ वॉट असे ठळक आकडे असतात, पण ते बहुधा ९ व्होल्ट किंवा त्याहून जास्त दाबावर मिळणारे असतात. पाय मात्र ५ व्होल्टच घेतो, म्हणून चार्जरच्या पाठीवरची ५ व्होल्टची बारीक ओळ वाचावी. वायरही तितकीच महत्त्वाची आहे. वायरीचा जाण्यायेण्याचा एकूण रोध ०.२ ओहम असला आणि यंत्र २ अँपिअर ओढत असले, तर वाटेतच ०.४ व्होल्ट खर्ची पडतात आणि ५ व्होल्टचे ४.६ होऊन पोचतात. पायचा दाब सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की पडद्याच्या कोपऱ्यात विजेचे छोटे चिन्ह उमटते. ते क्षणभरच दिसते म्हणून पुष्कळ जण त्याकडे दुर्लक्ष करतात, पण खेळ मध्येच अडखळणे, बटणे पायला जोडणारा यूएसबी बोर्ड सुटून पुन्हा जोडला जाणे, यंत्र आपोआप पुन्हा सुरू होणे आणि मेमरी कार्ड बिघडणे या तक्रारींचे मूळ पुष्कळदा तिथेच असते. रास्पबेरी पायचा स्वतःचा अडॅप्टर ५.१ व्होल्टचा असतो तो ही घट भरून काढण्यासाठीच. पडदा आणि ध्वनिवर्धक यांनाही पायच्याच यूएसबीतून वीज देण्याचा मोह टाळावा आणि त्यांच्यासाठी स्वतंत्र पुरवठा ठेवावा. ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टची परतीची वायर, मात्र सर्वांचे एक असावे.

बटणे थेट पायच्या पिनांना जोडणारे किट असेल, तर एक चूक बोर्ड कायमचा मारते. या पिना ३.३ व्होल्टच्या असतात आणि त्यांना ५ व्होल्ट सहन होत नाहीत. बटणाची एक पत्ती पिनेला आणि दुसरी ग्राउंडला लावायची असते. पिन आतून ३.३ व्होल्टवर धरलेली असते आणि बटण दाबले की ती शून्यावर येते, एवढेच यंत्राला पुरते. बटण दाबायचे म्हणजे त्याला वीज द्यायला हवी, असे समजून दुसरी पत्ती ५ व्होल्टच्या पिनेला लावली की पहिल्याच दाबाला पिन, आणि कधीकधी अख्खा बोर्ड निकामी होतो. चाळीस पिनांत मोजणी एका घराने चुकणे सोपे आहे, म्हणून बटणाची वायर लावताना प्रत्येक वेळी पहिल्या पिनेपासून मोजावे. वीज चालू असताना वायरी हलवू नयेत.

अनेक बटणे एकदम चालत नसतील, तर बटणे बदलण्याआधी ग्राउंडची साखळी तपासावी. ही वायर एका बटणावरून दुसऱ्यावर जात असते, त्यामुळे मधला एक लग (वायरीच्या टोकाची, पत्तीवर बसणारी धातूची टोपी) सुटला की त्यापुढची सगळी बटणे मुकी होतात. कुठून पुढे बटणे बंद पडली हे पाहिले की सुटलेला लग सापडतो. लग सैल बसण्याचे कारण बहुधा मापात असते, कारण काही बटणांच्या पत्त्या २.८ मिलिमीटर रुंद असतात, तर काहींच्या ४.८. मोठा लग छोट्या पत्तीवर बसल्यासारखा वाटतो आणि महिनाभर चालतोही, पण बटणे जोरात बडवली जाऊ लागली की सुटतो.

आवाज आणि पडदा

बऱ्याच किटमध्ये पीएएम ८४०३ या चिपचा छोटा ध्वनिवर्धक असतो. त्याच्या प्रत्येक स्पीकरच्या दोन्ही वायरींत सिग्नल असतो, त्यातली एकही ग्राउंड नसते. जुन्या रेडिओची सवय असलेले लोक दोन्ही स्पीकरच्या काळ्या वायरी एकत्र बांधून ग्राउंडला लावतात आणि चिप तापून जाते. चारही वायरी वेगवेगळ्याच ठेवाव्यात. घरघर ऐकू येत असेल, तर ध्वनिवर्धकाची वीज वेगळ्या अडॅप्टरवरून देऊन पाहावी आणि आवाजाची वायर विजेच्या वायरीपासून दूर न्यावी.

पडदा काळाच राहिला तर आधी पायवरचे दिवे पाहावेत. लाल दिवा लागला पण हिरवा अजिबात लुकलुकत नसेल, तर कार्ड वाचले जात नाही असे समजावे. हिरवा लुकलुकत असूनही चित्र नसेल, तर एचडीएमआयची वायर वीज घेणाऱ्या यूएसबी-सी खाचेच्या शेजारच्या खाचेत आहे का ते पाहावे आणि पडदा पायच्या आधी चालू करावा. पॅक-मॅनचे चित्र २२४ बाय २८८ ठिपक्यांचे, म्हणजे उभे असते. १०२४ बाय ६०० च्या आडव्या पडद्यावर ते पूर्ण दुप्पट केले तर ४४८ बाय ५७६ होते, म्हणजे निम्म्याहून अधिक रुंदी काळी राहते. ती भरण्यासाठी चित्र ताणणारे सेटिंग लावू नये. ठिपके वेडेवाकडे होतात आणि खेळाची मजा जाते.

खेळ दिसतो पण सुरू होत नाही

याचे कारण बहुधा आवृत्तीचे असते. मेम हा अनुकारक (जुन्या आर्केड यंत्राची नक्कल करून त्याचे खेळ चालवणारा प्रोग्राम) १९९७ पासून बदलत आला आहे आणि त्याच्या आवृत्तीप्रमाणे खेळाच्या संचातील फायलीही बदलत गेल्या आहेत. रेट्रोपायमधील मेम २००३ या अनुकारकाला ०.७८ आवृत्तीचा संच लागतो, दुसरा दिला तर पडदा काळा होऊन खेळांची यादी परत येते. झिप फाइल उघडू नये आणि तिचे नावही बदलू नये, कारण अनुकारक खेळ त्या नावावरूनच ओळखतो. ग्रिडली आणि रॉबी रोटो यांसारखे काही खेळ मेमच्या संकेतस्थळावर बिगरव्यापारी वापरासाठी अधिकृतपणे मोफत दिलेले आहेत, यंत्र तपासायला तेच घ्यावेत. इतर बहुतेक खेळांवर आजही कोणाचा तरी हक्क आहे.

पेटी बांधताना एमडीएफला स्क्रूपेक्षा थोडे बारीक भोक आधी पाडावे, नाहीतर कडेचे पापुद्रे फुटतात. कोकणात किंवा गोव्यात पावसाळ्यात या कडा ओल शोषून फुगतात, म्हणून त्यांना रंगाआधी प्राइमरचे दोन हात द्यावेत. अ‍ॅक्रिलिक असेल तर स्क्रू फिरकी थांबेपर्यंतच आवळावा आणि ते स्पिरिटने पुसू नये, कारण ताणाखाली असलेल्या भोकांभोवती केसांसारख्या चिरा पडतात. पाय ८० अंश सेल्सिअसला पोचला की स्वतःचा वेग कमी करतो, म्हणून मागच्या फळीत खाली हवा आत येण्यासाठी आणि वर बाहेर जाण्यासाठी भोके हवीत. मागची फळी दोनच स्क्रूंवर बसवून सलग तासभर खेळून पाहावे, मगच बाकीचे स्क्रू लावावेत.

वीज थेट सॉकेटवरून बंद करणे ही घरातल्या मुलांची सवय असते आणि कार्ड लिहिले जात असताना ती गेली की यंत्र पुढच्या वेळी सुरूच होत नाही. मुलांना मेन्यूतून यंत्र बंद करायला शिकवावेच, पण सगळे नीट चालू लागले त्याच दिवशी कार्डाची पूर्ण प्रत दुसऱ्या कार्डावर उतरवून, ते कागदाच्या पुडीत घालून मागच्या फळीच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावे.