गोगोल वाचताय? मग या चुका टाळा

"रशियन माणूस मुळातच सोशिक." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता कोणी रशियन लेखक गोगोलच्या 'ओव्हरकोट' या कथेचं (१८४२) नाव काढलं की मी आधीच कपाळाला हात लावून बसतो. अहो, टिंगल कोणाची चाललीये ते तरी बघा! कथेचा नायक, सरकारी कारकून अकाकी अकाकियेविच बाश्माचकिन, याला वर्षाला ४०० रुबल पगार, पण त्याचं दबून राहणं रक्तातलं नाही, ते झार पीटरने १७२२ मध्ये आणलेल्या सरकारी हुद्द्यांच्या तक्त्यातलं आहे. चौदा पायऱ्या (पहिली सगळ्यात वरची), हा नवव्या पायरीवर अडकलेला, आणि आठवी मिळाली की तेव्हा पिढीजात उमरावपण मिळायचं. गोगोलच्याच 'नाक' या कथेतला कोव्हाल्योव आठव्या पायरीवरचा, स्वतःला मेजर म्हणवून घेतो, आणि त्याचं पळालेलं नाक फिरतंय पाचव्या पायरीच्या युनिफॉर्ममध्ये, म्हणजे स्वतःच्याच नाकाशी अदबीने बोलायची वेळ. तक्ता माहीत नसेल तर अर्धा जोक तिथेच मेला. मी तो पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवतो.

दुसरी चूक माझीच. एका कार्यक्रमात मी 'ओव्हरकोट' वाचायला घेतला, अगदी शोकसभेच्या आवाजात. बाश्माचकिन हे आडनाव जोड्यावरून आलेलं, तर लेखक सांगतो की त्याचा बाप, आजोबा, अगदी मेहुणासुद्धा बूटच घालायचे. पुढच्या रांगेतल्या एक आजी फिस्सकन हसल्या. मी डोळे वटारले, तर म्हणतात, "अहो, मेहुण्याचा ह्याच्या आडनावाशी काय संबंध?" झालं! कथा दोनदा वाचलेली, तरी मेहुणा मला दिसलाच नव्हता. तेव्हापासून घरी आधी मोठ्याने वाचतो, आणि जिथे निवेदक उगाच फाटे फोडतो तिथे थांबतो.

गोगोलची 'नेव्हस्की प्रॉस्पेक्ट' ही कथा (१८३५) वाचून "जर्मनांची खिल्ली" एवढंच म्हणू नका. पत्र्याचं काम करणारा जर्मन शिलर (त्या नावाचा कवी नव्हे!) तपकिरीचा खर्च वाचवायला नाक कापून घ्यायला निघतो, हे खरं. पण त्याच्या हातचा मार खाल्लेला रशियन लेफ्टनंट पिरोगोव काय करतो? तक्रार करायला निघतो, वाटेत दोन पेस्ट्र्या खातो, राग शांत, संध्याकाळी मझुर्का नाचतो.

"आम्ही सगळे गोगोलच्या ओव्हरकोटातून आलो" हे प्रसिद्ध वाक्य कादंबरीकार दोस्तोयेव्हस्कीच्या नावावर खपवू नका, त्याच्या लिखाणात ते सापडत नाही.

गोगोल पोल्टावाकडचा, युक्रेनमधला, एकोणिसाव्या वर्षी पीटर्सबर्गला आला आणि स्वतः कारकुनी केली, हेही विसरू नका.

आणि ते दहा मिनिटांचे सारांशाचे व्हिडिओ, प्लीज नको. कोट शिवला, कोट चोरीला गेला, माणूस मेला, भूत झालं, बस्स, एवढीच गोष्ट उरते. पेत्रोविच शिंप्याच्या तपकिरीच्या डबीवर एका जनरलचं चित्र असतं, चेहऱ्याच्या जागी बोटाने भोक पडलेलं आणि वर कागदाचा चौकोनी तुकडा चिकटवलेला, त्यामुळे जनरल कुठला ते कळतच नाही. ही डबी मला अजून एकाही सारांशात दिसलेली नाही.