एएच, एमएएच आणि कूलोम: एकाचं दुसऱ्यात कसं करायचं

पुण्याच्या तपकीर गल्लीत इन्व्हर्टरची बॅटरी बघायला गेलात की दुकानदार 'दीडशे एएच' म्हणतो, पॉवर बँकेवर १०,००० एमएएच छापलेलं असतं आणि शाळेच्या पुस्तकात कूलोम. मोजतात तिन्ही एकच: विद्युतप्रभार.

एक अँपिअर प्रवाह एक सेकंद वाहिला की एक कूलोम. तोच तासभर वाहिला तर ३६०० कूलोम, आणि त्यालाच १ एएच (अँपिअर-अवर) म्हणतात. १ एमएएच (मिलिअँपिअर-अवर) त्याचा हजारावा भाग, म्हणजे ३.६ कूलोम. एएचचे कूलोम करताना ३६००ने गुणा, उलट येताना भागा. १५० एएच म्हणजे ५,४०,००० कूलोम. ५००० एमएएचचा फोन १८,००० कूलोम. एएचपेक्षा कूलोमचा आकडा लहान आला, तर गुणायच्या जागी भागलंय.

कपॅसिटरला प्रभार = धारिता (फॅरडमध्ये) × व्होल्ट. ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर २५ व्होल्टला भरला तर ११,७५० मायक्रोकूलोम, म्हणजे ०.०११७५ कूलोम. एमएएचमध्ये जेमतेम ०.००३३! कपॅसिटर बॅटरीची जागा का घेत नाही, ते इथेच कळतं.

इलेक्ट्रॉनचा प्रभार १.६०२१७६६३४ × १० चा −१९ वा घात कूलोम. २० मे २०१९ पासून हा आकडा व्याख्येनेच पक्का आहे. कूलोमला त्याने भागलं की इलेक्ट्रॉनांची संख्या मिळते. जुन्या पुस्तकातलं प्रभाराचं एकक स्टॅटकूलोम भेटलंच, तर १ कूलोम = सुमारे २.९९८ × १० चा ९ वा घात स्टॅटकूलोम.

भोसरीतल्या प्लेटिंगवाल्यांच्या (धातूचा मुलामा देणाऱ्यांच्या) कामाचं एकक फॅरडे, म्हणजे एक मोल इलेक्ट्रॉनांचा प्रभार: ९६,४८५ कूलोम, म्हणजे २६.८ एएच. तांब्याच्या एका आयनाला दोन इलेक्ट्रॉन लागतात, त्यामुळे एक मोल, म्हणजे ६३.५ ग्रॅम तांबं चढवायला ५३.६ एएच. थोडक्यात, आम्लयुक्त कॉपर सल्फेटच्या बाथमध्ये एका एएचला जास्तीत जास्त १.१८ ग्रॅम. सायनाइड बाथमध्ये हा हिशोब चालत नाही. तिथे आयनाला एकच इलेक्ट्रॉन लागतो.

घोळ होतो तो प्रभार आणि ऊर्जा यांची गल्लत झाल्यावर. पॉवर बँकेचे १०,००० एमएएच आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे असतात: ऊर्जा १० एएच × ३.७ व्होल्ट = ३७ वॉट-अवर. बाहेर ५ व्होल्टला तेच ७,४०० एमएएच होतात, त्यातून सर्किटचा तोटा वेगळा. दुकानदाराने फसवलं असं नाही. व्होल्टेज बदललं की एएच बदलणारच, टिकते ती ऊर्जा. म्हणून दोन वेगळ्या व्होल्टच्या बॅटऱ्यांची तुलना वॉट-अवरमध्येच करा.

१२ व्होल्ट, १५० एएचच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडल्या तर २४ व्होल्ट, पण एएच १५०च. ३०० हवे असतील तर पॅरलल.

१२ व्होल्टच्या एका बॅटरीवर सी-२० लिहिलेलं असेल, तर तिचे १५० एएच ७.५ अँपिअरने २० तास काढल्यावरचे. गुरुवारी वीज गेली आणि ३०० वॉटचा लोड टाकला, तर इन्व्हर्टरचा तोटा धरून साधारण ३० अँपिअर ओढले जातात. १५० भागिले ३०, पाच तास, हे उत्तर कागदावरचं. एवढ्या प्रवाहाला लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण एएच देत नाही, आणि तळापर्यंत उतरवली तर लवकर बाद होते. तीन तास धरून चाला.